रोजच्या खर्चासाठी बिनफीचं कॅशबॅक क्रेडिट कार्ड कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेत नाही, एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, डोंबिवलीत राहते. पण ऑफिसात, सोसायटीत, माहेरच्या नातेवाइकांत कुणालाही कार्ड घ्यायचं असलं की मेसेज मलाच येतो आणि प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न वर, किचकट खाली. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे नंबर दिलाय.

१. कॅशबॅक कार्ड म्हणजे नक्की काय? पॉइंटवाल्या कार्डापेक्षा वेगळं कसं?

खर्च केलात की त्यातले थोडे टक्के पैसे परत मिळतात, एवढंच. पॉइंटवाल्या कार्डावर आधी पॉइंट जमतात, मग ते कुठे वापरायचे ते शोधा, एका पॉइंटचे कधी २५ पैसे कधी १ रुपया, आणि काही बँका पॉइंट वापरायलाच ९९ रुपये अधिक जीएसटी लावतात. कॅशबॅकमध्ये ही कटकट कमी असते. पण यातही तीन प्रकार आहेत ते बघून घ्या: एक, पैसे थेट कार्डाच्या बिलातून वजा होतात, हा सगळ्यात चांगला. दोन, एखाद्या शॉपिंग अॅपच्या वॉलेटमध्ये जमा होतात, म्हणजे तिथेच खर्च करायला लागतात. तीन, नावाला कॅशबॅक पण आत पॉइंटच, आणि ते बिलात वळवायला तुम्हाला लॉगिन करून रिक्वेस्ट टाकायला लागते. तिसऱ्या प्रकारात लोक विसरतात आणि पॉइंट एक्स्पायर होतात. माझ्या आत्येबहिणीचे दोन वर्षांचे असेच गेले.

२. बँक आपल्याला फुकट पैसे का देते? काहीतरी लपवलेलं असणार ना?

फुकट नाही देत. तुम्ही दुकानात कार्ड स्वाइप केलंत की दुकानदाराला साधारण दीड-दोन टक्के कापून पैसे मिळतात, त्यातला मोठा वाटा तुमच्या बँकेला जातो आणि त्यातलाच तुकडा तुम्हाला परत येतो. दुसरी कमाई व्याजाची, जे लोक पूर्ण बिल भरत नाहीत त्यांच्याकडून (प्रश्न ९ नक्की वाचा, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल). लपवण्याबद्दल म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या कार्ड नियमांत स्पष्ट आहे की मोफत म्हणून दिलेल्या कार्डात छुपे चार्जेस असता कामा नयेत. अर्जासोबत एका पानाचं 'की फॅक्ट स्टेटमेंट' (मुख्य माहितीचं पत्रक) द्यायलाच लागतं, त्यात व्याज, फी, लेट फी सगळं असतं. ते पान मागा आणि वाचा, पाच मिनिटं लागतात.

३. लाइफटाइम फ्री, फर्स्ट इयर फ्री आणि 'अमुक खर्च केला की फी माफ', यात फरक काय?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, मी पण फसलेय. लाइफटाइम फ्री म्हणजे जॉइनिंग फी नाही, वार्षिक फी नाही, कधीच नाही. फर्स्ट इयर फ्री म्हणजे पहिलं वर्ष सूट, दुसऱ्या वर्षी फी लागणार. तिसऱ्या प्रकारात वर्षाला ठरलेला खर्च झाला तरच फी माफ.

मला एका बँकेतून फोन आला, ती मुलगी तीन वेळा म्हणाली मॅडम लाइफटाइम फ्री आहे, मी घेतलं. दुसऱ्या वर्षी स्टेटमेंटमध्ये ५८८ रुपये ८२ पैसे. म्हणजे ४९९ फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वेलकम लेटर काढून बघितलं तर तिथे पहिलं वर्ष मोफत असंच लिहिलेलं, बारीक अक्षरात पण लिहिलेलं. फोनवरचं बोलणं सिद्ध कसं करणार? मेल करकरून शेवटी फी परत मिळाली पण तीन आठवडे त्यात गेले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: फोनवर हो म्हणू नका, 'हे कार्ड माझ्यासाठी लाइफटाइम फ्री आहे हे मेलवर लिहून द्या' म्हणा, आणि अर्ज भरताना फीच्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. एकच कार्ड कधी फीवालं असतं आणि ऑफर चालू असली की तेच लाइफटाइम फ्री मिळतं, त्यामुळे मैत्रिणीला फ्री मिळालं म्हणजे तुम्हालाही मिळेलच असं नाही.

४. माझ्यासाठी कुठलं कार्ड चांगलं? सरळ नाव सांगा ना.

नाव सांगण्याआधी तुमच्या खर्चाची यादी लागते. कार्ड चांगलं की वाईट हे कार्डावर नाही, तुमच्या घरात पैसे कुठे जातात त्यावर ठरतं. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या आणि पेन घेऊन बसा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका चौकोनी कुटुंबाचा मी हिशोब केला होता, त्यांच्या परवानगीने आकडे देतेय, दर महिन्याचे:

डीमार्टचा किराणा ७,०००, दूध-भाजी-फळं ४,५००, ऑनलाइन शॉपिंग ४,०००, सोसायटी मेंटेनन्स ३,२००, पेट्रोल २,५००, लाइट बिल २,२००, बाहेरून जेवण मागवणं २,०००, गॅस-मोबाइल-वायफाय १,८००, शाळेची व्हॅन १,८००. एकूण २९,०००.

आता समजा कार्ड आहे 'एका ठरावीक शॉपिंग साइटवर ५ टक्के, बाकी १ टक्का, बिलं आणि पेट्रोलवर काही नाही'. दूध-भाजी, मेंटेनन्स आणि व्हॅनचे पैसे कार्डाने जात नाहीत असं धरू. ऑनलाइन शॉपिंगचे २०० रुपये, डीमार्टचे ७०, जेवणाचे २०. झाले २९०. म्हणजे जाहिरात ५ टक्क्यांची आणि घरखर्चावर हातात आला बरोबर १ टक्का. वर्षाचे ३,४८० रुपये. वाईट नाहीत, गॅस सिलिंडर निघतात त्यात, पण ५ टक्के म्हणून स्वप्नं बघितली असतील तर निराशा होणार.

आता नाव. फी अजिबात नको आणि बरीच खरेदी अॅमेझॉनवर असेल तर अॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड हे बऱ्याच वर्षांपासून लाइफटाइम फ्री आहे: प्राइम मेंबरला अॅमेझॉनवर ५ टक्के, प्राइम नसेल तर ३, इतर बहुतेक ठिकाणी १ टक्का. कॅशबॅक अॅमेझॉन पे बॅलन्समध्ये येतो, बिलात नाही, म्हणजे प्रश्न १ मधला दुसरा प्रकार. अॅमेझॉनवर तुम्ही वर्षातून दोनदाच जात असाल तर मात्र याचा काय उपयोग? तेव्हा मग सरसकट १ किंवा दीड टक्का देणारं, थेट बिलात वजा करणारं, तुमच्या पगाराच्या बँकेचं एखादं लाइफटाइम फ्री कार्ड बघा, जुन्या ग्राहकाला ते सहज देतात.

५. पण फी असलेली कार्डं जास्त कॅशबॅक देतात, मग ती का नकोत?

नकोत असं नाही, हिशोब करा म्हणतेय. वरच्याच कुटुंबाला समजा ९९९ रुपये फीचं कार्ड दिलं जे सगळ्या ऑनलाइन खर्चावर ५ टक्के आणि दुकानात १ टक्का देतं. ऑनलाइन शॉपिंग आणि जेवण मिळून ६,००० वर ३०० रुपये, डीमार्टचे ७०, एकूण ३७०. बिनफीच्या कार्डापेक्षा महिन्याला ८० जास्त, वर्षाला ९६०. फी जीएसटीसकट १,१७९. म्हणजे उलट २१९ रुपये खिशातून गेले.

फी माफ झाली तर गणित फिरतं. अशा कार्डांची अट बहुतेक वेळा वर्षाला २ लाखांची असते. या कुटुंबाचा डीमार्ट, ऑनलाइन आणि जेवण मिळून कार्डावरचा खर्च महिन्याला १३,०००, वर्षाचा १ लाख ५६ हजार, म्हणजे अट पूर्ण होत नाही. लाइट, मोबाइल, पेट्रोलचे ६,५०० पण त्याच कार्डावर भरले तर वर्षाचे २ लाख ३४ हजार होतात. पण बँक ते खर्च फी माफीसाठी मोजते का हे वेगळं विचारायला लागतं, कॅशबॅक न मिळणारा खर्च काही बँका मोजतात आणि काही नाही. आणि फी वाचवायला म्हणून मार्चमध्ये गरज नसलेली खरेदी करणारे लोक मी बघितलेत. १,१७९ वाचवायला १५ हजारांचा एअर फ्रायर. ज्यांना खात्री नाही त्यांनी बिनफीचंच घ्यावं, वापरलं नाही तरी नुकसान नाही.

६. ५ टक्के लिहिलं होतं, मला इतके कमी का आले?

चार कारणं असतात, या क्रमाने तपासा.

पहिलं, कॅप. महिन्याला किंवा तिमाहीला जास्तीत जास्त किती मिळणार याची मर्यादा असते. ५ टक्के आणि महिन्याला ५०० ची कॅप असेल तर १०,००० च्या पुढच्या खर्चावर शून्य.

दुसरं, वगळलेले खर्च. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, ईएमआय, सोनं, इन्शुरन्स, सरकारी भरणे, बिलं यातलं काही ना काही प्रत्येक कार्डात वगळलेलं असतंच. जाहिरात वाचायच्या आधी ही यादी वाचा, खरं कार्ड तिथे कळतं.

तिसरं, दुकानाचा कोड. हे फार कमी जणांना माहीत असतं. प्रत्येक कार्ड मशीनला चार आकडी कोड असतो, किराणा-सुपरमार्केटचा ५४११, हॉटेलचा ५८१२, असे. बँकेला तुम्ही काय घेतलं ते दिसत नाही, कोड दिसतो. आमच्या गल्लीतला मिठाईवाला दिवाळीत त्याच्या भावाच्या स्टेशनरी दुकानाचं मशीन वापरायचा, स्लिपवर नावही त्या दुकानाचं यायचं. मग काजूकतलीवर 'फूड' चा कॅशबॅक कसा मिळेल? स्लिपवरचं नाव बघायची सवय लावा, आणि मोठी रक्कम असेल तर कस्टमर केअरला विचारा की हा व्यवहार कुठल्या कॅटेगरीत पडलाय, ते सांगतात.

चौथं, राउंडिंग. 'प्रत्येक १०० रुपयांवर' असं लिहिलं असेल तर ९५ रुपयांच्या खरेदीवर काहीच नाही आणि १९० वर फक्त १०० चे. रोजच्या बारीक खर्चात हे चांगलंच लागतं.

७. भाजीवाला, दूधवाला, रिक्षावाला कार्ड घेत नाहीत. रोजचा खर्च तर तिथेच होतो, मग?

त्यासाठी रुपे क्रेडिट कार्ड (रुपे म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण भारतीय कार्ड नेटवर्क). २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय अॅपला जोडता येतं आणि क्यूआर स्कॅन करून पैसे क्रेडिट कार्डातून जातात. व्हिसा आणि मास्टरकार्डला हे चालत नाही, म्हणून कार्ड घेतानाच नेटवर्क विचारा. सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या बँकांनी नवीन कार्ड देताना नेटवर्कचा पर्याय द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण को-ब्रँड कार्ड (बँकेने एखाद्या कंपनीसोबत मिळून काढलेलं, जसं वरचं अॅमेझॉनचं) एकाच नेटवर्कवर निघत असेल तर तिथे निवड करता येत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे फक्त दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, माणसाच्या वैयक्तिक क्यूआरवर किंवा नंबरवर नाही. आमच्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या वैयक्तिक खात्याचा आहे, तिथे स्कॅन केलं की 'क्रेडिट कार्ड चालणार नाही' असा मेसेज येतो. समोरच्या दूध डेअरीवर मात्र बिनदिक्कत चालतं. दुसरं, क्यूआरने केलेल्या खर्चावर कॅशबॅक मिळतोच असं नाही, काही कार्डांवर कमी मिळतो, काहींवर अजिबात नाही. तेव्हा 'रुपे आहे का' यासोबत 'यूपीआय खर्चावर किती' हेही विचारा. लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर चार्ज लागत नाही, त्यामुळे संकोच करू नका.

८. लाइट बिल, मेंटेनन्स, शाळेची फी आणि पेट्रोल कार्डावर भरू का?

कॅशबॅक मिळत नसेल तरी सोय म्हणून भरायला हरकत नाही, फक्त वरून चार्ज लागत नाही ना ते पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या स्क्रीनवर बघा. बऱ्याच शाळांची आणि सोसायट्यांची पोर्टल्स क्रेडिट कार्डावर दीड-दोन टक्के कन्व्हिनियन्स फी लावतात. ४०,००० च्या शाळेच्या फीवर २ टक्के म्हणजे ८०० रुपये, आणि परत येणार १ टक्का म्हणजे ४०० (तेही आले तर). तिथे सरळ नेटबँकिंग किंवा यूपीआयने खात्यातून भरा. दुकानदार 'कार्डावर २ टक्के एक्स्ट्रा' म्हणाला तरी हाच हिशोब. आणि घरभाडं कार्डाने भरायचं असेल तर अनेक बँका स्वतःच १ टक्का अधिक जीएसटी घेतात, त्यात काही राहत नाही.

पेट्रोलचं वेगळं. पंपावर क्रेडिट कार्डाला १ टक्का सरचार्ज लागतो, बहुतेक कार्डं तो माफ करतात पण त्यावरचा जीएसटी परत येत नाही. १,००० च्या पेट्रोलवर सरचार्ज १० रुपये आणि जीएसटी १ रुपया ८० पैसे, १० परत येतात आणि १.८० जातात. माफीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त रकमेची अट असते, स्कूटीत २०० चं पेट्रोल टाकलंत तर माफी मिळत नाही. आमच्याकडे पेट्रोल यूपीआयनेच.

९. एखाद्या महिन्यात पूर्ण बिल नाही भरलं, मिनिमम भरलं तर काय होतं?

कळकळीने सांगते, तसं करू नका. मिनिमम ड्यू (बिलावर लिहिलेली कमीत कमी भरायची रक्कम) भरलं की लेट फी वाचते, व्याज वाचत नाही, आणि बहुतेक बँकांच्या अटींप्रमाणे थोडे जरी पैसे बाकी राहिले तरी व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, ड्यू डेटपासून नाही.

उदाहरण बघा. ५ जूनला २०,००० ची खरेदी, ड्यू डेट २० जुलै. तुम्ही त्या दिवशी १९,००० भरले, १,००० राहिले. व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२. आता २०,००० वर ४५ दिवसांचं व्याज धरलं जातं: साधारण १,०६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,२५७ च्या आसपास. शिवाय राहिलेल्या १,००० वर पुढचं व्याज चालूच, आणि बाकी असेपर्यंत नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या २०,००० वर कॅशबॅक मिळाला होता २००.

व्याजाला सरकारी मर्यादा असेल असं काहींना वाटतं. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणून कार्ड हातात आलं की पहिलं काम: ऑटो डेबिट लावा आणि त्यात 'टोटल अमाउंट ड्यू' निवडा, बऱ्याच फॉर्मवर 'मिनिमम' आधीच टिक केलेलं असतं. दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमणार नाही अशी परिस्थिती सध्या असेल तर कॅशबॅक कार्ड आत्ता घेऊच नका, डेबिट कार्ड आणि यूपीआय चांगलं आहे.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने पैसे काढले तर फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून, कॅशबॅक नाही. तेही नको.

१०. बिलाची तारीख पगाराच्या आधी येते, बदलता येते का?

येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बिलिंग सायकल निदान एकदा तरी बदलायची सोय बँकेने द्यायलाच हवी. पगार १ तारखेला होत असेल तर बिल १५ च्या सुमाराला बनेल असं करा, म्हणजे ड्यू डेट पगारानंतर येते. आणि चुकून एखादा दिवस उशीर झाला तर घाबरू नका, ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि क्रेडिट ब्युरोला (सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) थकबाकी म्हणून कळवताही येत नाही. व्याजाचं मात्र प्रश्न ९ प्रमाणेच.

११. कार्ड घेतल्याने सिबिल स्कोअर कमी होतो का? किती कार्डं ठेवावीत?

अर्ज केला की चौकशीची नोंद होते आणि स्कोअर थोडा खाली येतो, वेळेवर भरत गेलात की काही महिन्यांत वर जातो. वाईट काय, तर एका आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकणं. लिमिट १ लाख असेल तर ३० हजारांच्या आसपासच वापर ठेवा, त्याच्या खूप वर दर महिन्याला गेलात तर स्कोअरवर परिणाम होतो. माझं मत, एका घराला दोन कार्डं भरपूर: एक ऑनलाइनसाठी, एक रुपे क्यूआरसाठी. चौथ्या-पाचव्या कार्डाच्या तारखा लक्षात ठेवताना एखादी चुकते आणि वर्षभराचा कॅशबॅक एका लेट फीत जातो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, अर्जाआधी बघून घ्या.

१२. मी गृहिणी आहे / कॉलेजात आहे, पगाराची स्लिप नाही. मला मिळेल का?

दोन रस्ते. एक, घरातल्या कुणाच्या कार्डावर अॅड-ऑन कार्ड, पण लिमिट आणि बिल मूळ कार्डधारकाचं, तुमचा स्वतःचा क्रेडिट रेकॉर्ड त्यातून तयार होत नाही. दोन, एफडीवर मिळणारं कार्ड, वय १८ पूर्ण हवं. एफडी ठेवायची, तिच्या साधारण ८० ते १०० टक्के लिमिट मिळतं, एफडीवर व्याज चालू राहतं आणि यातली बरीच कार्डं लाइफटाइम फ्री असतात. माझ्या मते बायकांनी दुसरा रस्ता धरावा. १५-२० हजारांची एफडी स्वतःच्या नावावर, कार्ड स्वतःच्या नावावर, सिबिल स्वतःचं. उद्या स्वतःच्या नावाने कर्ज लागलं तर हाच रेकॉर्ड उपयोगी पडतो. एवढं मात्र खरं की बिल थकलं तर बँक एफडी मोडून वसूल करते.

१३. वस्तू परत केली तर कॅशबॅकचं काय?

परत जातो. रिफंड आला की त्यावरचा कॅशबॅक त्याच किंवा पुढच्या स्टेटमेंटमध्ये वजा होतो. घोळ तेव्हा होतो जेव्हा रिफंड ड्यू डेटपर्यंत आलेला नसतो: लोक समजतात की येणारच आहे, तेवढे कमी भरूया, आणि प्रश्न ९ मध्ये अडकतात. बिल पूर्ण भरा, रिफंड नंतर आला तर तो तुमच्या नावावर जमा राहतो, कुठे जात नाही.

१४. नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलं तर कॅशबॅक मिळतो का?

बहुतेक कार्डांवर नाही. आणि 'नो-कॉस्ट' मध्ये व्याजाएवढा डिस्काउंट देतात पण व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडूनच जातो. १,००० व्याज असेल तर १८० रुपये, वर प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावर जीएसटी म्हणजे २३५. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन एकदम परवडत नसेल तर ठीक, त्यासाठी ४१५ रुपये द्यायला काही हरकत नाही. पैसे हातात असताना घेऊ नका.

१५. कॅशबॅकवर इन्कम टॅक्स लागतो का? मित्रांची खरेदी माझ्या कार्डावर केली तर?

स्वतःच्या घरखर्चावर मिळालेला कॅशबॅक ही एक प्रकारे सूटच असते, उत्पन्न म्हणून दाखवायची गरज सहसा पडत नाही. धंद्याच्या खर्चावर असेल तर सीएला विचारा. दुसऱ्याची खरेदी स्वतःच्या कार्डावर करून कॅशबॅक मिळवायचा उद्योग मात्र मला पसंत नाही. वर्षभरात कार्डाची बिलं १० लाख किंवा जास्त भरली गेली (रोखीने असतील तर १ लाख) तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते, मग ६ लाख पगारावर १० लाखांचा खर्च कसा, हे तुम्हालाच समजवायला लागतं. आणि मित्राने वेळेवर पैसे नाही दिले तर बिल तुमचं, मैत्रीही जाते.

१६. मुलगा परदेशात आहे, हेच कार्ड तिकडे किंवा डॉलरच्या साइटवर वापरू का?

बिनफीच्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराला साधारण ३.५ टक्के मार्कअप (परदेशी चलनासाठी बँकेचा जादा चार्ज) आणि त्यावर जीएसटी लागतो, १ टक्का कॅशबॅक मिळून काय उपयोग. कमी किंवा शून्य मार्कअपवाली कार्डं वेगळी मिळतात, त्यासाठी ती बघा.

१७. मी मागितलंच नव्हतं आणि कार्ड घरी आलं. ठेवू का?

विचारल्याशिवाय कार्ड देणं नियमाने बंद आहे. अशा कार्डाचं बिल लावलं तर बँकेला ते मागे घ्यावं लागतं आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यावी लागते. कार्ड आलं तर त्याचा ओटीपी कुणाला सांगू नका, अॅक्टिव्हेट करू नका. ३० दिवसांत अॅक्टिव्हेट नाही झालं तर बँकेने तुमची संमती मागायची, संमती नसेल तर ७ कामाच्या दिवसांत फुकट बंद करायचं. तरी एक मेल टाकून ठेवा.

१८. 'तुमचा ४,९९९ कॅशबॅक आज एक्स्पायर होतोय' अशी लिंक आली, खरी असेल का?

नाही. बँक कॅशबॅक द्यायला ओटीपी, सीव्हीव्ही मागत नाही, अॅप डाउनलोड करायला सांगत नाही. बँकेचं अॅप स्वतः उघडून बघा. चुकून माहिती दिली गेली तर आधी अॅपमधून कार्ड ब्लॉक, मग बँकेला फोन, मग लगेच १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन). लाजून दोन दिवस थांबू नका. ओटीपी आपण दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावर येतं, कळवल्यानंतरचं बँकेवर, म्हणून प्रत्येक मिनिट महत्त्वाचं. आणि कार्ड आल्या दिवशीच परदेशी व्यवहार बंद करून ठेवा, अॅपमध्ये स्विच असतो.

१९. बँकेने कॅशबॅक कमी केला / फी लावली. आता काय करू?

हे होतच राहतं. चांगलं कार्ड दोन-तीन वर्षांत पातळ होतं, म्हणून दर दिवाळीला एकदा अटी परत वाचते मी. चार्जेस बदलायचे तर बँकेने निदान महिनाभर आधी कळवायला हवं आणि तो बदल मान्य नसेल तर तुम्ही जादा चार्ज न देता कार्ड परत करू शकता, बाकी असेल ते भरून. कळवलेलं नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

२०. कार्ड बंद करायचंय, पण कस्टमर केअरवाले टाळतायत.

सगळी बाकी भरलेली असेल तर विनंती केल्यापासून ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. फोनवर 'मॅडम अजून एक ऑफर देतो' चालू होतं, म्हणून विनंती मेलने किंवा अॅपमधून करा, तारीख राहते. त्याआधी साठलेला कॅशबॅक वापरून किंवा बिलात वळवून घ्या, बंद झाल्यावर तो सहसा मिळत नाही. कार्डाला जोडलेले ऑटो-पे (मोबाइल, ओटीटी, इन्शुरन्स) दुसरीकडे हलवा. बंद झाल्याचा मेल जपून ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' आलंय का बघा. माझं एक जुनं कार्ड चार महिने 'अॅक्टिव्ह' दिसत होतं, तो मेल दाखवल्यावर दुरुस्त झालं. कार्ड फेकताना कात्री चिपवरून चालवा.